जन्मदाखला नसताना विवाहाधारित ग्रीन कार्डची कागदपत्रे कशी तयार करावीत

जोडीदार अमेरिकी नागरिक आणि अर्जदार महाराष्ट्रात असेल, तर क्रम ठरलेला आहे: जोडीदाराने आय-१३०, म्हणजे नात्याचा विनंतीअर्ज, दाखल करावा, मंजुरीनंतर नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकी कार्यालयाकडे शुल्क, डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसाअर्ज व कागदपत्रे द्यावीत आणि वैद्यकीय तपासणी उरकून मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीस जावे. उत्पन्नाच्या हमीसाठी, म्हणजे आय-८६४ साठी, जोडीदाराचे उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असले की सहसा पुरते. तेवढे नसल्यास दुसरा, म्हणजे संयुक्त, हमीदार घ्यावा. नातलगांची आणि ओळखीच्यांची अशी प्रकरणे मी वर्षानुवर्षे तयार करून देत आलो आहे, आणि घोडे अडते ते बहुधा जन्मदाखल्यापाशी.

भारतात १ एप्रिल १९७० नंतर जन्मलेल्या अर्जदाराकडून अमेरिकी परराष्ट्र खाते जन्मदाखल्याचीच अपेक्षा धरते, आणि तो नाही म्हटले की एजंट लगेच ‘नवीन नोंद करून घ्या’ असे सुचवतात. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. पस्तीस-चाळीस वर्षांनी केलेल्या नोंदीकडे अधिकारी साशंकतेने पाहतात आणि जन्माच्या सुमाराचा पुरावा मागतात; तो पुरावा गोळा करणे टळत नाहीच.

त्याआधी मूळ नोंद नीट शोधावी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते, आणि लोक मात्र वडिलांच्या गावी चौकशी करून ‘नोंद आढळत नाही’ असा कागद घेऊन येतात. चुकीच्या कार्यालयाचा असा कागद निरुपयोगी आहे. शिवाय नोंद बारशाच्या आधी झालेली असल्यास तीत बाळाचे नाव नसते; म्हणून आईवडिलांच्या नावांनी आणि जन्मतारखेच्या मागेपुढे काही महिन्यांची पाने पाहण्याची विनंती लेखी करावी.

एवढे करूनही नोंद मिळाली नाही, तर जन्मस्थळाच्या निबंधकाकडूनच अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व दोन प्रतिज्ञापत्रे जोडावीत. प्रतिज्ञापत्र देणारी व्यक्ती अर्जदाराच्या जन्माच्या वेळी हयात असली पाहिजे आणि तिला त्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असली पाहिजे. आईवडील चालतात, मामा-मावशीही चालतात. धाकटा भाऊ चालत नाही, हे सांगूनही लोक त्यालाच नोटरीकडे नेतात. प्रतिज्ञापत्रात त्या व्यक्तीचे पूर्ण नाव, पत्ता, तिची स्वतःची जन्मतारीख व जन्मस्थळ, अर्जदाराशी नाते, जन्माची तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावे आणि ही माहिती तिला कशी आहे, एवढे सगळे यावे. नोटरीकडचा तयार मजकूर दोघांच्या नावे जसाच्या तसा छापू नये. मावशीला बाळंतिणीच्या खोलीतले आठवत असेल तर तेच तिच्या शब्दांत लिहावे.

नाव आणि तारीख यांतील तफावत हा याच टप्प्याचा दुसरा भाग आहे. लग्नानंतर आईचे पहिले नावही बदललेले असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र स्वतंत्र द्यावे. मास्तरांनी शाळाप्रवेशासाठी १ जून ही तारीख लावलेली असते आणि पासपोर्टवर तीच चढते. जुनी नोंद वेगळी तारीख दाखवत असेल, तर शक्य झाल्यास आय-१३० दाखल करण्यापूर्वीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. ते जमले नाही तर दोन्ही तारखा लेखी खुलाशासह पुढे ठेवाव्यात. तफावत लपवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण मुलाखतीत खोटेपणा ठरला तर व्हिसाच्या वाटा कायमच्या बंद होऊ शकतात.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे. भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे आणि स्वतःस दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहावे. ते शक्यतो नवरा-बायकोपैकी कोणी करू नये.

मुलाखतीस मूळ प्रती न्याव्यात. अमेरिकेत प्रवेश करतेवेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचेच मिळते आणि त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्डावरील अट काढण्याचा अर्ज, दाखल करावा लागतो.