इंग्रजीत ‘भातखंडे’ कसं लिहावं आणि कसं म्हणावं

परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळात रागसंगीताचा कार्यक्रम होता. निवेदन करणारी मुलगी तिथेच वाढलेली, तयारी अगदी मनापासून केलेली. तिच्या हातातल्या इंग्रजी कागदावर भातखंडे लिहिलेलं होतं आणि माइकवर ‘भॅटकँड’ आलं. तो कागद मी लिहून दिला होता आणि उच्चाराविषयी त्यात एक ओळही नव्हती. तेव्हापासून हिंदुस्थानी रागसंगीताचे अभ्यासक आणि ग्रंथकार पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्याबद्दल इंग्रजीत लिहायचं असलं की मी ठरलेल्या क्रमानेच जातो.

१. स्पेलिंग पक्कं करा

बी-एच-ए-टी-के-एच-ए-एन-डी-ई, एकूण दहा अक्षरं. ‘भा’ लांब आहे म्हणून डबल ए लिहू नका. टी-च्या पुढे एच लावला तर आपल्याकडे ‘थ’ वाचला जातो, तोही नको. अभ्यासलेखात काटेकोर लिप्यंतर हवं असेल तर पहिल्या ए-वर आडवी रेघ आणि एन व डी या दोन्ही अक्षरांखाली टिंब द्या. मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत मात्र ‘त’मधला न उच्चारला जाणारा ‘अ’सुद्धा लिहितात, त्यामुळे टी-नंतर एक जादा ए दिसतो. पुस्तक सापडत नसेल तर तसंही शोधून पाहा.

२. उच्चार पहिल्याच उल्लेखात सांगा

इथे वेळ द्यावा, कारण एकदा चुकीचा उच्चार कानात बसला की तो निघत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला शेवटचा ई मुका वाटतो. त्याला सांगा, ‘खंडे’ हे ‘संडे’सारखं म्हण. तेवढ्याने अर्धं काम होतं. ‘भा’मधला स्वर ‘फादर’मधला. ‘भ’साठी ‘क्लबहाउस’ हा शब्द मध्ये न थांबता म्हणायला लावा. ‘ब’ आणि ‘ह’ एकमेकांना चिकटतात तिथे ‘भ’च्या जवळचा आवाज येतो. ‘ख’ची काळजी नको, ‘कप’ म्हणताना इंग्रजी बोलणारा माणूस ‘क’वर हवा सोडतोच. आणि ‘त’ जीभ दातांना टेकवून म्हणायचा, नाहीतर ‘भाट’ होतं. कार्यक्रमपत्रिकेत हे सगळं मावत नाही. नावापुढे कंसात तीन तुकड्यांत सोपं स्पेलिंग द्या, शेवटचा तुकडा डी-ए-वाय.

३. आडनावाचं भाषांतर करू नका

‘अर्थ काय?’ असं हमखास विचारतात. शब्द फोडून दाखवायला हरकत नाही. शेतात उभं असतं ते भात आणि ताटात वाढतात तो भात. मराठीत लिंग बदलतं, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पुरवतात. ‘खंड’ म्हणजे तुकडा, भूभाग, ग्रंथाचा भाग, आणि कुळाने जमिनीपोटी मालकाला द्यायचा मोबदलाही. पण शब्द फोडला म्हणजे आडनावाची व्युत्पत्ती झाली असं नाही. आडनाव आहे तसंच ठेवा. भाषांतराचं यंत्र वापरलं असेल तर मजकुरात कुठे तांदूळ शिरला नाही ना, हे स्वतः वाचून बघा.

४. एकट्या ‘विष्णू’वर थांबू नका

दुसऱ्या उल्लेखापासून नुसतं आडनाव लिहावं. इंग्रजीत तो अनादर नाही. आदर दाखवायचाच असेल तर ‘पंडित’ हा शब्द आडनावाला जोडा. ‘पंडित विष्णू’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) आठवू शकतात. दोघेही मराठी, दोघांनीही स्वरलेखनाची पद्धत बसवली, दोघांनीही संगीतशिक्षणासाठी आयुष्य वेचलं. ‘नारायण’ हे वडिलांचं नाव, म्हणून संदर्भसूचीत नोंद बी-खालीच हवी.

५. विशेषणासारखं वापरताना

‘भातखंडे नोटेशन’, ‘भातखंडे सिस्टिम’ असं आडनाव थेट नामाआधी ठेवलं की पुरतं. मात्र त्याचा अर्थ नेमका ठेवा. नोटेशन म्हणजे स्वर लिहिण्याच्या खुणा: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराला खाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराला वर टिंब, एका मात्रेतल्या स्वरांना खालून कंस, तालाच्या समेला (पहिल्या मात्रेला) गुणिलेची खूण आणि ‘खाली’ला (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेला) शून्य. सिस्टिम म्हटलं की बहुधा दहा थाटांची, म्हणजे रागांची दहा स्वरसमूहांत विभागणी करणारी व्यवस्था अभिप्रेत असते. या दोन्ही गोष्टींची सरमिसळ मी छापील टिपणांत वारंवार पाहिली आहे.

६. व्यक्ती की संस्था?

लखनौत ‘भातखंडे’ म्हणजे कॉलेज. ‘मी भातखंडेत शिकले’ हे तिथे कुणालाही कळतं, पण इंग्रजी वाचकासाठी संस्थेचं पूर्ण नाव द्या. १९२६ साली सुरू झालेली ती संस्था मॅरिस कॉलेज होती. भातखंड्यांचं नाव तिला १९६६ मध्ये मिळालं, म्हणून १९४० सालच्या विद्यार्थ्याच्या परिचयात मॅरिस असंच लिहा. आता ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे.

७. बंदिशीतलं नाव ओळखा

‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने लिहिला. रागाचे नियम गाण्यातच सांगणारी लक्षणगीतं रचली, त्यांतही ‘चतुर’ ही मुद्रा येते. बंदिशीचे शब्द इंग्रजीत देताना भाषांतर करणारा तिथे ‘हुशार’ या अर्थाचा शब्द ठेवून पुढे जातो आणि रचनाकाराची सही पुसली जाते. ‘चतुर’ला मोठा सी द्या, शब्द तसाच ठेवा, आणि खाली एका ओळीत सांगा की हे भातखंडेच आहेत.