नव्या आर्म चिपवर लिनक्स चढवण्याआधी

बोर्ड टेबलावर आला की लगेच कोडला हात घालू नका, आधी सिरियलचं (बोर्डाचे संदेश संगणकावर आणणाऱ्या जोडणीचं) बघा. यूएआरटीच्या (ही जोडणी चालवणाऱ्या चिपमधल्या भागाच्या) पिना ३.३ व्होल्टच्या की १.८ च्या, हे स्किमॅटिकमध्ये (बोर्डाच्या सर्किटच्या नकाशात) तपासून तसाच यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या. १.८ च्या पिनेला ३.३ दिले तर पिन जळू शकते, आणि मग दोष कर्नलमध्ये शोधत बसाल. वेग बहुतेक ठिकाणी ११५२०० बॉड. रॉकचिपच्या बोर्डांवर मात्र सहसा १५०००००, त्यामुळे अडॅप्टर तेवढा वेग झेपणारा हवा.

मग कागद गोळा करा. चिपच्या मॅन्युअलमधून मेमरी मॅप, इंटरप्टचा तक्ता आणि क्लॉकची रचना ही तीन प्रकरणं बाजूला काढा. फर्मवेअर लिहिणाऱ्यांकडून लेखी उत्तरं घ्या: सगळे कोर कर्नलच्या हाती एकाच एक्सेप्शन लेव्हलवर (प्रोसेसरच्या अधिकारांच्या पायरीवर) येतात का (ईएल२ सर्वांत बरी), पीएससीआय (कोर चालू-बंद करायची फर्मवेअरची सोय) चालतं का, प्रत्येक कोरवर सीएनटीएफआरक्यू रजिस्टर (यात टायमरचा वेग असतो) भरलंय का, आणि रॅमचा कुठला पट्टा त्यांनी स्वतःसाठी राखलाय. शेवटचं उत्तर सगळ्यात महाग. तो पट्टा डिव्हाइस ट्रीच्या (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलच्या) रिझर्व्हड-मेमरीत नो-मॅप (कर्नलने तिथे हात लावू नये अशी खूण) लावून नोंदवला नाही, तर बूट व्यवस्थित होतं आणि थोड्या वेळाने भलत्याच ठिकाणी एसएरर (हार्डवेअरने उशिरा कळवलेली चूक) येतो. सीएनटीएफआरक्यू रिकामं असेल तर ते फर्मवेअरमध्येच दुरुस्त करून घ्या. डिव्हाइस ट्रीत क्लॉक-फ्रीक्वेन्सी लिहून वेळ मारून नेऊ नका.

बूटलोडरकडून (कर्नल मेमरीत आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रामकडून) कर्नलच्या अटी ठरलेल्या आहेत: इमेज २ एमबीच्या सीमेवर, एक्स० रजिस्टरमध्ये डीटीबीचा (डिव्हाइस ट्रीच्या संकलित फाइलचा) पत्ता, एक्स१ ते एक्स३ शून्य, एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारा भाग) बंद. डीटीबी ८ बाइटच्या सीमेवर आणि आकाराने २ एमबीच्या आत हवी.

पहिली डिव्हाइस ट्री जितकी लहान तितकी बरी. कोर, पीएससीआय, जीआयसी (आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर), आर्म टायमर, मेमरी आणि एक यूएआरटी, बस. इंटरप्टचे आकडे लिहिताना सांभाळा. मॅन्युअलमध्ये ६५ दिसला तर एसपीआय (सगळ्या कोरना सामाईक इंटरप्ट) म्हणून ३३ लिहायचा, कारण ३२ वजा होतात. पीपीआयमधून (प्रत्येक कोरच्या खासगी इंटरप्टमधून) १६ जातात, म्हणून टायमरचे २९, ३०, २७, २६ हे ट्रीत १३, १४, ११, १० होतात. ही वजाबाकी चुकली तर टायमरचा ठोकाच पोचत नाही आणि बूट मध्येच थिजतं.

काहीच छापून येत नसेल तर अर्लीकॉन (बूटच्या अगदी सुरुवातीपासून संदेश छापणारा कर्नलचा पर्याय) लावा. डिझाइनवेअरचा यूएआरटी असेल तर यूएआरटी८२५० सोबत बहुधा एमएमआयओ३२ (रजिस्टर ३२ बिटांनी हाताळा अशी सूचना) लागतं, नुसतं एमएमआयओ नाही. पत्त्यापुढे वेग लिहू नका. लिहिलात तर कर्नल स्वतःच्या गृहीत क्लॉकवरून विभाजक काढतो आणि पडद्यावर कचरा येतो. न लिहिल्यास बूटलोडरने लावलेलंच चालू राहतं.

पुढचा ठरलेला सापळा: सगळं नीट छापलं जातंय, आणि बूटच्या शेवटाकडे कन्सोल अचानक मुका. कुणीही न मागितलेले क्लॉक कर्नल तेव्हा बंद करतो आणि त्यात तुमच्या यूएआरटीचाही जातो. कर्नलला सीएलके_इग्नोर_अनयूज्ड आणि पीडी_इग्नोर_अनयूज्ड हे बूटचे पर्याय देऊन बघा. जीव आला तर कारण सापडलं. पण हे पर्याय कायमचे ठेवू नका, यूएआरटीच्या नोडमध्ये खरा क्लॉक जोडा. रूट फाइलसिस्टमसाठी इनिटरॅमएफएसमध्ये (रॅममध्येच उघडणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममध्ये) बिझीबॉक्स (मूलभूत कमांडचा छोटा संच) पुरे, एमएमसीच्या (बोर्डावरच्या साठवणीच्या) ड्रायव्हरची वाट बघायची गरज नाही.

काम मेनलाइनला (लिनक्सच्या अधिकृत कर्नलला) पाठवण्याआधी डीटीस्कीमा (डिव्हाइस ट्री तपासणारं साधन) बसवून मेक डीटी_बाइंडिंग_चेक आणि मेक डीटीबीएस_चेक चालवा, नंतर चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट). पॅचच्या मालिकेत बाइंडिंगचे (नोड कसा लिहायचा या नियमांचे) पॅच आधी, डीटीएस (डिव्हाइस ट्रीचा मूळ मजकूर) नंतर. कंपनी नवी असेल तर व्हेंडर-प्रीफिक्सेसमध्ये नाव, आर्म६४ च्या केकॉन्फिग.प्लॅटफॉर्म्समध्ये एक नोंद आणि मेंटेनर्स फाइलमध्ये जबाबदार माणूस. कंपॅटिबल नावात (यावरून कर्नल ड्रायव्हर जुळवतो) एक्स-एक्स घालून पूर्ण घराणं एकाच नावात कोंबू नका: हे नाव एकदा मेनलाइनमध्ये गेलं की बदलता येत नाही, आणि समीक्षक पहिल्याच फेरीत ते परत पाठवतात. कंपनीच्या जुन्या कर्नलमधला ड्रायव्हर जसाच्या तसा उचलून आणणं हा त्याहून मोठा वेळखाऊपणा. जीपीयू, कॅमेरा, यूएसबी यांना पहिल्या मालिकेत जागाच नको. शेलचा प्रॉम्प्ट येतो एवढं दाखवणारी मालिका लहान असते, वाचून होते आणि लवकर घेतली जाते.