अमेरिकेत पोरगं खेळातून कॉलेजला जाणार असेल तर हे नववीतच बघा

इकडे अमेरिकेत आपली मराठी मंडळी पोरांच्या टेनिस-स्विमिंगमागे धावधाव धावतात, व्हिडिओ काढतात, कोचला मेल टाकतात, पण मार्कांचं गणित अकरावी संपेपर्यंत कोणी बघतच नाही. कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए, आणि तिच्या तीन गटांतला सगळ्यात वरचा तो डिव्हिजन वन. त्याला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, सायन्ससारखे मुख्य विषय) लागतात आणि त्यांचाच जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेड, किमान २.३ हवा (डिव्हिजन टूला २.२), शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवरचा (गुणपत्रकावरचा) एकूण जीपीए इथे चालत नाही, पीई (व्यायाम) आणि बँडमध्ये मिळालेल्या 'ए' ग्रेड यात धरतच नाहीत. खरी मेख पुढे आहे. डिव्हिजन वनसाठी १६ पैकी १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत झालेले पाहिजेत, त्यातले ७ इंग्रजी, गणित, सायन्सचे, आणि ते मार्क तिथेच लॉक होतात, नंतर परत कोर्स करून वाढवता येत नाहीत. म्हणून नववीतच काउन्सेलरला विचारून घ्या की आपल्या शाळेचे कुठले कोर्स एनसीएएच्या यादीत आहेत. एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा आता एनसीएएला लागत नाही, कॉलेजला मात्र लागू शकते. आणि हो, डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगवाले (हार्वर्ड, येलसारखी आठ नामांकित विद्यापीठं) खेळाची स्कॉलरशिप देतच नाहीत, कोच कितीही गोड बोलला तरी.