शाळेच्या बँडला तालवाद्यं शिकवताना या चुका टाळा

शाळा जूनमध्ये उघडते आणि 15 ऑगस्टचं झेंडावंदन बघता बघता समोर येतं. तेवढ्या वेळात साइड ड्रम, बेस ड्रम, झांजा आणि ट्रँगल वाजवणारी मुलं तयार करायची असतात. या घाईत दोन-तीन मुलांवर हमखास शिक्का बसतो: "याला तालच नाही." मला हा शिक्का मान्य नाही. बहुतेक वेळा मुलाच्या कानात काहीच कमी नसतं, आपला शिकवण्याचा क्रम उलटा झालेला असतो.

आधी ड्रम, मग पाय

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वर्गात बसून ठेका पक्का करून घेतात आणि गळ्यात पट्टा अडकवून मुलं मैदानात उतरली की चार पावलांत सगळं विस्कटतं. संचलनात बेस ड्रमचा मुख्य ठोका डाव्या पायावर पडतो. काळ मोजतात ते पाय, हात त्यांच्या मागून येतात. म्हणून पहिले काही दिवस ड्रम कपाटातच राहू द्या. नुसता कदमताल आणि डाव्या पायावर टाळी. ते जमलं की दोन पावलांच्या मधली टाळी. मग टाळी बंद करून ठेका तोंडानं म्हणत चालायचं.

तबला शिकणाऱ्याला पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, नवी नाही. बोल आधी तोंडात बसतो, मग बोटांत उतरतो. इतकी चांगली रीत आपल्याकडे असताना बँडच्या मुलांना ती का देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. एका पावलात चार ठोके बसवायचे असतील तर 'तिरकिट' म्हणत चालायला लावा, समजावून सांगावंच लागत नाही.

चूक शोधायलाही पढंत उपयोगी पडते. अडखळणाऱ्या मुलाला "परत वाजव" म्हणू नका, "म्हणून दाखव" म्हणा. म्हणता येतंय पण वाजत नाही, तर हात कच्चा आहे. म्हणतानाच चुकतंय, तर ठेका अजून समजलेला नाही, कितीही वेळा वाजवून घेतलं तरी उपयोग नाही. आणि उभ्यानं बरोबर, चालताना चूक, तर पुन्हा पायांकडे जा.

मुठीत आवळलेली काठी

काठी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरायची, बाकीची बोटं तिला नुसती सोबत. पानावर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर, टाकली की ती आपोआप उड्या मारायला हवी. एकच 'ठक' होऊन थांबली तर मूठ आवळलेली आहे. अशा हातानं रोल, म्हणजे ठोक्यांची सलग थरथर, कधीच येत नाही, आणि मनगट लवकर दुखतं.

डाव्या हाताची तळवा वर करून धरायची जुनी पकड आली ती ड्रम पट्ट्यानं एका बाजूला तिरका लटकतो म्हणून. तुमचे ड्रम तसेच लटकत असतील तर ती शिकवा. ड्रम सपाट राहत असेल तर दोन्ही हातांची पकड सारखी ठेवा, मुलं लवकर शिकतात. एका बँडमध्ये अर्धी मुलं अशी आणि अर्धी तशी मात्र नकोत, दुरुस्त्या दुप्पट होतात.

गणपतीत ढोल-ताशा पथकात वाजवणारी मुलं बऱ्याच शाळांत असतात. ढोलावर टिपरू मारणारा मुलगा खांद्यातून जोर लावतो. साइड ड्रमवर त्याला मनगटापुरतं यायला शिकवावं लागतं. ताशा वाजवणाऱ्याला मात्र "ते सगळं विसर" असं कृपा करून सांगू नका. तर्री, म्हणजे ताशावरच्या जलद ठोक्यांची सर, काढणारं मनगट वर्गात सगळ्यांच्या पुढे असतं. रोल त्याच्याकडे द्या आणि बाकीच्यांना त्याच्याकडून शिकू द्या.

डावा हात सगळ्यांचाच मागे राहतो. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा हा पॅराडिडल रोज डाव्यानं सुरू करा. अमेरिकेतल्या पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीच्या यादीत असे 40 मूलभूत प्रकार आहेत. शाळेच्या संचलनाला एकेरी ठोका, दुहेरी ठोका, पॅराडिडल आणि फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा हलका ठोका) हे चार पुरतात.

वेग पळतो

जोरात वाजवा म्हटलं की मुलं पळतात, हळू म्हटलं की रेंगाळतात. एकच ठेका एकाच वेगात, एकदा मोठा आणि एकदा अगदी बारीक, असा रोज वाजवून घ्या. मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक वेगानं टिकटिक करणारं अ‍ॅप) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावून सुरुवात करा आणि तिथून 'तेज चल'च्या मिनिटाला 120 पावलांपर्यंत या. बेस ड्रम सवयीनं वर्गातल्या दांडग्या मुलाकडे जातो. तो सगळ्यात स्थिर मुलाला किंवा मुलीला द्या, वजन पेलत असलं की झालं.

झांजा आणि ट्रँगल

झांजा समोरासमोर सपाट आदळल्या की मधे हवा अडकते आणि 'फप्प' होतं. एक झांज किंचित तिरकी ठेवा, म्हणजे एक कड क्षणभर आधी टेकेल. ट्रँगल बारीक दोऱ्यावर लटकला पाहिजे, मुठीत धरला की त्याचा आवाज मरतो. आणि 'जमत नाही ना, मग ट्रँगल घे' हे थांबवा. ट्रँगलचा एक चुकलेला ठोका सगळ्या मैदानाला ऐकू येतो, त्यालाही तितकाच तयार हात लागतो.

वाद्याचा दोष मुलाच्या माथी

पान एका बाजूला ढिलं असेल तर कोणाच्याही हातून चांगला आवाज निघणार नाही. स्क्रू गोलाकार क्रमानं न आवळता समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळा. साइड ड्रमच्या खालच्या पानाला टेकलेल्या तारा फार ताणल्या की आवाज गुदमरतो, ढिल्या असल्या की खरखरतो. कातडी पानं पावसाळ्यात दमटपणानं सैल पडतात, वाजवण्याआधी तपासा. बंद वर्गात सगळे ड्रम एकदम वाजवू नका, मुलांच्या कानांना ते सोसत नाही. सरावासाठी लाकडी फळीवर रबर ताणून लावलं तरी पुरतं.

मैदानावर मागच्या तुकड्या चुकतात

इथे बिचाऱ्या मुलांना विनाकारण बोलणी बसतात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 85 मीटर दूर असलेल्या तुकडीला ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 पावलं म्हणजे एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे तुकडी चक्क अर्धं पाऊल मागे पडते. त्यातच तुकडीनायक पुढच्यांचे पाय पाहून 'डावा-उजवा' ओरडत असेल तर मुलांना दोन वेगळे ताल मिळतात. बँड रांगेच्या टोकाला न ठेवता मध्याजवळ ठेवा, म्हणजे दोन्हीकडचं अंतर निम्मं होतं. आणि नायकानं ऐकावं की पाहावं, हे रंगीत तालमीच्या आधीच ठरवा.