दुआनवूच्या झोंगझ्या: आदल्या संध्याकाळपासूनची तयारी

दुआनवू हा चिनी सण चिनी पाचव्या महिन्याच्या पंचमीला येतो, म्हणजे साधारण आपली ज्येष्ठ शुद्ध पंचमी. 2026 मध्ये ती 19 जूनला आहे. यांगत्सेच्या मुखाकडच्या ज्याशिंग शहरासारख्या मांसाच्या झोंगझ्या, म्हणजे पानात बांधून उकडलेल्या चिकट तांदळाच्या पुड्या, करायच्या तर आदल्या संध्याकाळीच पदर खोचा. सगळ्यात आधी उकळत्या पाण्यासाठी एक मोठी किटली बाजूला काढा. आधी किटली, मग बाकीचं.

तांदूळ चिकटच हवा. बांबूच्या कुळातली रुओची सुकी पानं रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, दोन्ही बाजूंनी पुसा. घाई केलीत तर पुडी वळताना पान चिरतं आणि कोपऱ्यातून तांदूळ गळतो. डुकराच्या पोटाकडच्या मांसाला सोया सॉस, साखर आणि थोडी वाइन चोळून ठेवा. चरबी काढून टाकू नका! दोन तुकडे मांसाचे, मध्ये एक चरबीचा. ती वितळून भातात मुरते, सगळी चव तिचीच. तांदूळ धुऊन पूर्ण निथळला की मगच त्याला सोया सॉस लावा. पुड्या बांधायला दोरा सुती.

आता किटली. झोंगझ्या पातेल्यातल्या पाण्यात पूर्ण बुडायला हव्यात, वर ताटली, ताटलीवर वजन. तीन-चार तास लागतात. हे पातोळे नव्हेत, पंधरा मिनिटांत उतरवायला. एवढ्या वेळात पाणी आटणारच, आणि तेव्हा नळाचं गार पाणी ओतलं की आतला भात कच्चाच राहतो. मग कितीही शिजवा, कणी जात नाही. गेल्या वर्षी किटली राहिली आणि अख्खं पातेलं वाया गेलं. म्हणून शेजारच्या शेगडीवर किटली उकळतीच ठेवा. शेगडी एकच असेल तर थर्मास भरा, दोन भरा. गार पाणी नाही म्हणजे नाही, पेलाभरसुद्धा नाही. आच बंद केल्यावरही त्याच पाण्यात तासभर राहू द्या.

दाराला वेखंडाची पानं आणि दवण्याच्या कुळातल्या आयत्साओची जुडी. मुलांच्या मनगटाला पाचरंगी दोरा. मनशीळ या लाल खनिजाची पूड घातलेली दारू मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी पिऊ नका, मुलांच्या कपाळालाही लावू नका. मनशिळेत आर्सेनिक असतं. सूचौ शहराचे पाहुणे असतील तर नदीत जीव दिलेल्या कवी छू युआनच्या गोष्टी सांगत बसू नका, त्यांच्याकडे हा दिवस वू राज्याच्या जुन्या मंत्र्याचा, वू झिश्यूचा. खारवलेली बदकाची अंडी, काकडी, बस्स.