ठिसूळ हाडं आणि दातांचे इम्प्लांट: या चुका टाळा

हाडं ठिसूळ झालेल्या (ऑस्टिओपोरोसिसच्या) पेशंटला इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात रुतवलेला स्क्रू, बसवता येतो. हे आधीच लिहून टाकते, कारण मला सारखे दोन प्रकारचे डॉक्टर दिसतात. एक ऑस्टिओपोरोसिस हा शब्द कानावर पडताच "मावशी, तुम्हाला कवळीच" म्हणून मोकळा होतो. दुसरा धड काही न विचारता ड्रिल हातात घेतो. पहिल्यामुळे पेशंटचं चावून खाणं कायमचं सुटतं, दुसऱ्यामुळे जबड्याचं हाड उघडं पडतं. माझा राग दुसऱ्यावर जास्त आहे.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?" एवढंच विचारणं

या प्रश्नाला पेशंट प्रामाणिक उत्तर देतो आणि तरी आपण फसतो. "बीपीची आणि थायरॉइडची." हाडांची झीज रोखायला वर्षातून एकदा सलाईनमधून घेतलेलं 5 मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिड कुणाच्याच लेखी गोळी नसते. त्याच कामासाठी दर सहा महिन्यांनी कातडीखाली टोचलेलं डेनोसुमॅबही नसतं. दर रविवारी उपाशीपोटी घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी "ती होय, कॅल्शियमची आहे" या सदरात जाते.

काही वर्षांपूर्वी अडुसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या. खालच्या जबड्यात दुसरीकडे बसवलेले दोन इम्प्लांट, हिरडी मागे सरकलेली, मध्ये पिवळट करडं हाड उघडं आणि कडेने पू. तीन महिने अँटिबायोटिक बदलून बदलून चालू होतं. जुन्या केसपेपरवर आजारांच्या रकान्यात एकच शब्द होता, बीपी. मीही विचारलं, मलाही तेच उत्तर मिळालं. मग सोबतच्या मुलीला विचारलं, "आईंना हाडांसाठी कधी सलाईन लावलं होतं का?" ती लगेच म्हणाली, "हो की, दर दिवाळीनंतर. चार वर्षं झाली."

आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलेलं हाड, हाडांची झीज रोखणारं असं औषध आणि जबड्याला कधीच रेडिएशन नाही. औषधामुळे होणाऱ्या जबड्याच्या नेक्रोसिसची, म्हणजे हाड मरण्याची, हीच व्याख्या आहे. जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी अमेरिकेतून 2003 मध्ये अशा केसेसकडे लक्ष वेधलं, म्हणजे हे काही कालपरवाचं ज्ञान नाही. आजींचे दोन्ही इम्प्लांट मेलेल्या हाडासकट काढावे लागले. हिरडी पूर्ण मिटेपर्यंत सात महिने त्या मऊ भात आणि वरणावर होत्या.

ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये बिस्फॉस्फोनेट (झोलेड्रॉनिक ॲसिड आणि ॲलेन्ड्रोनेट याच गटातली) घेणाऱ्यांत हा धोका हजारात एकापेक्षाही कमी आहे. आजींना तो आधी सांगितला असता तर कदाचित त्यांनी तरीही इम्प्लांट घेतला असता. पण मग तो निर्णय त्यांचा झाला असता.

तेव्हापासून मी औषधांची अख्खी पिशवी आणि हाडांच्या डॉक्टरांची फाईल मागवते, रिकामी पाकिटंसुद्धा. "वर्षाचं सलाईन? सहा महिन्यांचं इंजेक्शन? आठवड्याची गोळी?" हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारते आणि उत्तर पटलं नाही तर सुनेला किंवा मुलीला फोन लावते. मिश्रीचंही विचारते. "तंबाखू खाता का?" याला नाही म्हणणारी बाई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असते.

औषध परस्पर थांबवणं

"इम्प्लांट करायचाय ना, मग हाडांचं इंजेक्शन बंद करा." हे वाक्य दंतवैद्याच्या तोंडून ऐकलं की माझा जीव घाबरा होतो. डेनोसुमॅब हाडात साठून राहत नाही. पुढचा डोस चुकला की त्याचा परिणाम ओसरतो आणि हाडांची झीज उलट उसळून वर येते. अशा पेशंटचे मणके एकामागून एक दबलेले सापडतात. एका दाढेसाठी पाठीचा कणा पणाला लावायचा का?

मी तारखा मांडते. इंजेक्शन मार्चमध्ये झालं असेल तर शस्त्रक्रिया जुलैत. सप्टेंबरच्या डोसपर्यंत हिरडी मिटायला आठ आठवडे मिळतात आणि डोसही वेळेवर होतो. हे सगळं फिजिशियनशी बोलूनच, आणि तोंडी निरोपावर न ठेवता लेखी.

बिस्फॉस्फोनेटचं गणित उलटं आहे. ते हाडात वर्षानुवर्षं मुरून बसतं. त्यामुळे "पंधरा दिवस गोळी बंद ठेवा" या सल्ल्याने फक्त डॉक्टरला बरं वाटतं.

डेक्सावरून जबड्याचं भविष्य सांगणं

डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत टी-स्कोअर (घनतेचा आकडा) उणे 2.5 च्या खाली आहे, हे कंबर आणि खुब्याचं मोजमाप झालं. जबड्यासाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढा, आणि खरं हाड ड्रिलखाली हाताला कळतं.

हाडांची झीज किती वेगाने होते ते दाखवणाऱ्या सीटीएक्स या रक्ततपासणीचा आकडा 150 च्या वर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यावरून नेक्रोसिस होणार की नाही हे सांगता येत नाही.

कॅन्सर हाडात पसरला म्हणून हीच औषधं मोठ्या डोसमध्ये, दर महिन्याला चालू असतील तर इम्प्लांटचा विषयच काढू नका.

घाई

"एका दिवसात दात" अशी पाटी लावणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड आधीच स्पंजासारखं, त्यात ऑस्टिओपोरोसिस, आणि त्यावर त्याच दिवशी कॅप! नवशिके डॉक्टर कोर्समध्ये टॉर्कचा (इम्प्लांट किती जोराने पिळायचा त्याचा) आकडा पाठ करून येतात आणि मऊ हाडात तो येईपर्यंत इम्प्लांट पिळत बसतात. मी शेवटचा ड्रिल एक साइज लहान ठेवते, ड्रिल थंड ठेवणारी सलाईनची धार थांबू देत नाही, आणि कॅप खाली चार महिन्यांनी, वर सहा महिन्यांनी. पेशंट कुरकुर करतात. मुलाचं लग्न महिन्यावर आहे असं सांगतात. मी लग्नापुरती काढघाल करायची कवळी करून देते, पण तारीख बदलत नाही.

ज्यांचे इम्प्लांट दहा वर्षं छान चालले आहेत आणि आता हाडांचं औषध सुरू होणार आहे, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. पक्क्या बसलेल्या इम्प्लांटभोवतीही पुढे नेक्रोसिस झालेला आहे. म्हणून पहिल्या डोसआधी तोंड तपासून घ्या, काढायचे दात तेव्हाच काढा, आणि नंतर दर सहा महिन्यांनी इम्प्लांटभोवतीची हिरडी दाखवत राहा.