गाडीची काच वर घेण्यापूर्वी

लहान मुलांना घेऊन निघताना आपण दरवाजा नीट लागला आहे ना, हे पाहतो आणि काही जण मुलाला पट्टाही लावतात, पण खिडकीच्या काचेकडे धोका म्हणून क्वचितच पाहिले जाते. बटण दाबताच वर चढणारी काच आता बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील लहान आणि स्वस्त गाड्यांतही आली आहे. ती वर ढकलणारी मोटर दाराच्या आत दडलेली असते, आणि वाटेत रबराची पट्टी आली आहे की मुलाची बोटे, हे साध्या मोटरला कळत नाही. घरात दोन ते आठ वर्षांचे मूल असेल, किंवा आजोळी येणाऱ्या नातवंडांना गाडीतून फिरवायचे असेल, तर पुढील गोष्टी एकदा गाडीजवळ उभे राहून, हाताने करून पाहाव्यात. त्याला अर्धा तासही लागत नाही.

अपघात कसा घडतो

सर्वांत गंभीर अपघात बहुधा थांबलेल्या किंवा हळू चाललेल्या गाडीत होतो. मूल आसनावर गुडघ्यावर बसते किंवा उभे राहते, बाहेर पाहण्यासाठी डोके खिडकीतून काढते आणि आधारासाठी एक पाय किंवा गुडघा दारावरील हात ठेवण्याच्या जागेवर टेकवते. काचेचे बटण नेमके तेथेच असते. एका टोकाला दाबले की काच खाली आणि दुसऱ्या टोकाला दाबले की वर, अशा झुलत्या पद्धतीचे बटण असेल, तर गुडघ्याच्या भाराने ते दाबले जाते, आणि दोन्ही हात काचेवर असल्यामुळे मुलाचा भार त्याच जागी राहून मोटर चालूच राहते. काच गळ्याशी पोचली की श्वास अडतो आणि मेंदूकडे जाणारे रक्तही अडते. मुलाला ओरडता येत नाही, त्यामुळे पुढे बोलत बसलेल्या मोठ्यांना काहीच ऐकू येत नाही. मेंदूला इजा होण्यास काही मिनिटे पुरतात, आणि मूल त्याच्याही आधी बेशुद्ध होते.

म्हणून आपल्या गाडीचे बटण कोणत्या पद्धतीचे आहे, हे आधी पाहावे. ज्या बटणाला काच वर घेण्यासाठी बोटाच्या टोकाने वर ओढावे लागते, त्यावर मुलाचा गुडघा पडला तर काच फार तर खाली जाईल. अशा अपघातांमुळेच अमेरिकेने २००५ साली केलेल्या कायद्यात बटण वर किंवा बाहेर ओढल्याशिवाय काच चढू नये, अशी सक्ती करण्याची तरतूद केली. आपल्याकडील अनेक नव्या गाड्यांतही ओढायचे बटण असते. जुन्या गाड्यांत मात्र झुलती बटणे बरीच आहेत, आणि काहींत ती दोन पुढील आसनांच्या मध्ये असल्याने मागून पुढे येणाऱ्या मुलाचा पाय सहज त्यांवर पडतो.

दुसऱ्या प्रकारच्या अपघातात बटणावरचे बोट मुलाचे नसते, आपले असते. चालकाच्या दारावर चारही काचांची बटणे असतात. पावसाची सर येते, कोगनोळी किंवा हत्तरगी टोलनाक्यावर ट्रकचा धूर आत शिरतो, कोणीतरी एसी लावायला सांगते, आणि चालक मागे न पाहता सगळ्या काचा एकदम वर घेतो. त्याच क्षणी मागचे मूल काचेच्या कडेवर बोटे ठेवून बाहेरचा उसाचा ट्रॅक्टर पाहत असते. या दुसऱ्या प्रकाराकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते, कारण गाडीतील कोणतेही कुलूप चालकाच्या बोटाला अडवत नाही.

दोन वेगळी कुलुपे

मुलांच्या सुरक्षेविषयी बोलताना ‘आमच्या गाडीला चाइल्ड लॉक आहे’ असे उत्तर हमखास मिळते. चाइल्ड लॉक ही मागील दाराच्या कडेवर, दार उघडल्यावरच दिसणारी लहानशी खिट्टी असते. ती लावली की दार आतून उघडत नाही, एवढेच तिचे काम. काचेशी तिचा काहीही संबंध नाही. काचेसाठी वेगळे बटण असते, ते चालकाच्या दारावर चार बटणांच्या शेजारी असते आणि त्यावर खिडकीचे किंवा कुलपाचे चित्र असते. ते दाबले की मागच्या दारांवरील काचेची बटणे बंद पडतात, मात्र चालकाला आपल्या जागेवरून सर्व काचा हलवता येतात.

हे बटण चालू केल्यावर एका मोठ्या माणसाला मागे बसवून दोन्ही दारांवरील बटणे दाबून पाहायला सांगावीत. काही गाड्यांत चालकाशेजारील काचही या कुलपाने बंद होते, काहींत ती मोकळीच राहते, आणि पुढे आईच्या मांडीवर मूल बसवण्याची आपल्याकडील सवय पाहता हा फरक माहीत असणे आवश्यक आहे. गाडीसोबत येणारी पुस्तिका बहुतेक वेळा इंग्रजीत असते, मराठीत नाही आणि कन्नडमध्येही नाही, त्यामुळे ती न उघडताच कप्प्यात पडून राहते. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला खिडक्यांविषयीची पाने वाचून सर्वांना समजावून सांगायला बसवावे.

काचेचे कुलूप लावण्याची वेळही ठरवून ठेवावी. मूल मागे बसले, पट्टा लागला, की किल्ली फिरवण्याच्या वेळीच ते बटण दाबायचे, आणि मूल उतरेपर्यंत ते काढायचे नाही. ‘जरा वारा घेऊ दे’ म्हणून काढले की परत लावायचे राहून जाते. मुलाला वारा हवा असेल तर चालकाने आपल्या जागेवरून काच थोडी खाली करावी, पण मुलाचे डोके बाहेर जाईल इतकी नव्हे.

चालकाची सवय

काच वर घेण्यापूर्वी चालकाने मान वळवून मागे पाहावे आणि ‘काच वर घेतोय, हात आत’ असे मोठ्याने म्हणावे. मागे बसलेल्या मोठ्या माणसाने ‘हं, घ्या’ म्हटल्याशिवाय बटणाला हात लावू नये. चारही काचा एकदम न घेता एकेक घ्यावी, म्हणजे लक्ष त्या एकाच काचेवर राहते. मुलांनाही हा नियम खेळासारखा शिकवता येतो: काच वर म्हणताच दोन्ही तळवे मांडीवर. चार वर्षांचे मूल तो आनंदाने पाळते, आणि आजोबा विसरले तर तेच आठवण करून देते.

काचेला लावलेले जाळीचे पडदे आणि काळ्या फिल्म यांनी मुलाची काचेवरची बोटे चालकाच्या नजरेआड होतात. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आत यावा, असा मोटार वाहन नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काळ्या फिल्मवर बंदीही घातली. मुलाला उन्हाचा त्रास होत असेल तर पडदा लावावा, पण तो लावलेल्या बाजूची काच आधी पूर्ण बंद करून प्रवासभर तशीच ठेवावी.

गाडीतून उतरताना किल्ली सोबत न्यावी आणि मुलालाही सोबत न्यावे. गणपत गल्लीत दोन मिनिटांचे काम आहे म्हणून एसी चालू ठेवून मुलाला आत सोडणे म्हणजे चालू मोटरीची चार बटणे त्याच्या हाती देणे होय. अनेक गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही थोडा वेळ, किंवा पुढचे दार उघडेपर्यंत, काचा चालतात, आणि बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत किल्ली आतच राहिली तर मूल गाडी जागी करू शकते. बंद गाडीत उन्हाचा धोका वेगळा आहे आणि तोही मोठा आहे: आतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सियसने वाढू शकते, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

काच परत फिरते का, हे तपासणे

काही गाड्यांत काचेला अडथळा लागला की मोटरवरील वाढलेला ताण किंवा मंदावलेला वेग ओळखून काच आपोआप खाली येते. याला अँटी-पिंच म्हणतात. आपल्याकडील अनेक गाड्यांत ही सोय केवळ चालकाच्या काचेला असते, मुले बसतात त्या मागच्या काचांना नसते. बटणावर ‘ऑटो’ लिहिलेले पाहून समाधान मानू नये, कारण ते कधी कधी केवळ एका दाबात काच पूर्ण खाली जाते, एवढेच सांगते.

तपासणीसाठी वर्तमानपत्राची जाड गुंडाळी करून ती अर्ध्या उघड्या खिडकीत वरच्या चौकटीजवळ धरावी आणि दुसऱ्या माणसाने काच वर घ्यावी. हात किंवा बोट कधीही घालू नये. गुंडाळीला लागताच काच परत फिरली नाही, तर बटण लगेच सोडावे आणि त्या काचेला संरक्षण नाही, असे समजावे. हीच तपासणी प्रत्येक काचेसाठी वेगळी करावी, आणि बटण धरून ठेवूनही करावी, कारण काही गाड्यांत बटण सतत धरले की हे संरक्षण बाजूला पडते. बॅटरी काढून पुन्हा लावल्यावर अनेक गाड्यांत ही यंत्रणा नव्याने जुळवून घ्यावी लागते, म्हणून गॅरेजमधून गाडी आणल्यावर तपासणी पुन्हा करावी.

परत फिरणारी काचही पूर्ण सुरक्षित नसते. युरोप आणि अमेरिकेच्या मानकांत अशा काचेसाठी १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलो वजनाइतक्या दाबाची मर्यादा आहे, आणि ती ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीसाठी आहे. तान्ह्या बाळाच्या बोटाला तेवढा दाबही दुखापत करू शकतो.

जुनी गाडी घेऊन तिला दुकानातून पॉवर विंडो बसवून घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. अशा बाहेरून बसवलेल्या संचांत परत फिरण्याची सोय बहुधा नसते. जोडणी किल्लीवरूनच घ्यावी, थेट बॅटरीवरून घेऊ नये, आणि चालकाजवळ मागच्या बटणांचे कुलूप बसवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काच हाताने फिरवण्याची जुनी मूठ चांगली चालत असेल, तर मागच्या दारांना ती तशीच ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आपल्या वाटांवरचे प्रसंग

चोर्ला घाटात मुलाला मळमळू लागले की आपण काच खाली करून त्याचे डोके बाहेर काढतो. त्याऐवजी पिशवी हाताशी ठेवावी, आणि गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलाला खाली उतरवावे. आंबोलीत माकडे दाखवण्यासाठी काच उघडली जाते, माकड जवळ येताच सगळे घाबरतात आणि काच घाईने वर जाते. तेथे काचा बंदच ठेवून माकडे पाहावीत. सौंदत्तीला रेणुकादेवीच्या दर्शनाला निघालेल्या गाडीत मुले मांडीवर, दोन आसनांच्या मधल्या जागेत, कशीही बसलेली असतात, तेव्हा कोणाचा हात कोठे आहे, हे कोणालाच दिसत नाही. खिडकीशी मोठ्या माणसाने बसावे आणि मुलांना मध्ये घ्यावे. मुलासाठी वेगळे आसन असेल तर उत्तम, कारण पट्ट्यात बसलेले मूल गुडघ्यावर उभे राहू शकत नाही. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास १००० रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे.

भाड्याच्या गाडीत बसतानाच चालकाला काचेचे कुलूप लावायला सांगावे. तो कन्नडभाषक असेल तर ‘ग्लास लॉक माड्री’ एवढे म्हटले तरी पुरते. मुलांच्या गळ्यातील काळा दोरा, ताईत आणि मोठ्या मुलींची ओढणी काचेत अडकू शकते, म्हणून प्रवासात दोरा कपड्याच्या आत घालावा आणि ओढणी खोचून घ्यावी.

अडकल्यास काय करावे

मूल अडकले तर त्याला ओढू नये. एकाने मुलाचे शरीर खालून उचलून धरावे, म्हणजे मानेवर भार येणार नाही, आणि दुसऱ्याने त्याच क्षणी काच खाली घ्यावी. मागचे बटण चालत नसेल तर चालकाच्या दारावरील बटण वापरावे, आणि गाडी बंद असेल तर आधी किल्ली फिरवावी. घाबरून बटण उलट दिशेला दाबले जाते, म्हणून गाडी वापरणाऱ्या घरातील प्रत्येकाला, गाडी न चालवणाऱ्या आजीलाही, कोणत्या बाजूने काच खाली जाते, हे आधीच करून दाखवावे. काच कशानेही हलत नसेल तर दोन्ही तळव्यांनी तिला दोन्ही बाजूंनी दाबून खाली ढकलावे, आणि तेही जमले नाही तर मुलाचा चेहरा जाड कापडाने झाकून काच फोडावी. बाजूची काच बहुधा बारीक तुकड्यांत फुटते, आणि त्या ओरखड्यांपेक्षा अडलेला श्वास कितीतरी गंभीर आहे.

सुटका झाल्यावर मूल श्वास घेत नसेल तर १०८ किंवा ११२ ला फोन लावून फोन स्पीकरवर ठेवावा. ज्याला येत असेल त्याने तोंडाने श्वास देऊन छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. ३० दाबांनंतर २ श्वास, असा क्रम ठेवावा. मूल रडू लागले, खेळू लागले, तरी गळा दाबला गेला असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे, कारण गळ्यातील सूज काही तासांनीही वाढू शकते. आवाज बसणे, गिळताना त्रास होणे, श्वासाला आवाज येणे ही लक्षणे दिसली तर क्षणभरही थांबू नये.

बोट चिरडले असेल तर अंगठी लगेच काढावी, वाहत्या थंड पाण्याखाली बोट धरावे आणि स्वच्छ कापड गुंडाळून हात वर ठेवावा. हळद, चुना किंवा कॉफीची पूड लावू नये, कारण डॉक्टरांना जखम पुन्हा धुवावी लागते आणि मुलाला दुप्पट वेदना होतात. नख काळे पडले किंवा बोट वाकत नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा. बोटाचा तुकडा पडला असल्यास तो स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फ असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी, तुकड्याला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, आणि सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय आहे का, हे फोनवर विचारून मगच त्या रुग्णालयाकडे निघावे.